टर्बो डिझेल फोर बाय फोरचा टॉर्क वाढवायचाय? गोव्यातून नेहमी येणारे प्रश्न

सत्तरी, डिचोली, फोंडा, सांगे, काणकोण या भागांतल्या गाडीमालकांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांकडे जुनी थार, स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, गुरखा किंवा व्ही-क्रॉस असते. मी स्वतः २.५ लिटर सीआरडीई इंजिनाची जुनी थार चालवतो. कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) चढ, पावसाळ्यातला चिखल आणि महिन्यातून दोन-तीनदा चोर्ला घाट, हे तिचं काम. खाली जे लिहिलंय ते त्या गाडीवर केलेल्या कामातून आणि ओळखीच्या मेस्तांबरोबर (मेकॅनिकांबरोबर) बॉनेटखाली घालवलेल्या रविवारांतून आलेलं आहे.

टॉर्क वाढला म्हणजे नेमकं काय वाढतं? हॉर्सपॉवर वेगळी का?

क्रँकशाफ्ट किती जोरानं फिरते तो टॉर्क. तोच जोर मिनिटाला किती फेऱ्यांवर (आरपीएमवर) टिकतो त्यावरून हॉर्सपॉवर निघते. न्यूटन मीटरला आरपीएमनं गुणून ९५४९ नं भागलं की किलोवॉट मिळतात.

माझ्या इंजिनाचा कंपनीचा आकडा १८०० ते २००० आरपीएमला २४७ न्यूटन मीटर आहे. ३८०० आरपीएमला ते १०५ हॉर्सपॉवर देतं, पण उलटा हिशेब केला तर तिथे टॉर्क २०० च्याही खाली उतरलेला असतो. म्हणजे सगळ्यात जास्त हॉर्सपॉवर जिथे मिळते, तिथे ओढ कमी झालेली असते. चोर्ल्याच्या वळणावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये १४००-१५०० आरपीएमला असता. तिथे इंजिन काय देतं, यावर पुढचा चढ सुखाचा की दगदगीचा हे ठरतं. त्यामुळे "किती हॉर्सपॉवर वाढली" याऐवजी "दीड हजार ते अडीच हजारांत काय बदललं" असं विचारा. काम करून देणारा या प्रश्नाला आलेख दाखवून उत्तर देत नसेल, तर त्याच्याकडे गाडी सोडू नका.

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरातले आकडे बदलणं) करून घेऊ का?

नको, निदान आत्ता तरी नको. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात तेही इथेच. म्हणून उत्तर लांबलचक देतो.

माझी थार सात वर्षांची झाली तेव्हा चढावर धापा टाकू लागली. एका गॅरेजात सांगितलं की इंजिन जुनं झालंय, जास्त डिझेल सोडायला लावणारा ट्यूनिंग बॉक्स लावा. लावला. आठवडाभर बरं वाटलं. मग मागून काळा धूर दिसू लागला आणि डिझेलही जास्त लागू लागलं. शेवटी फोंड्याच्या एका वयस्क मेस्तानं इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप हातात धरून वाकवला. आतल्या बाजूला बोटभर चीर होती. इंजिन थंड असताना ती बंद राहायची आणि टर्बोचा दाब चढला की उघडायची. म्हणजे टर्बोनं भरलेली हवा इंजिनापर्यंत पोचतच नव्हती, आणि मी वरून डिझेल वाढवत होतो. पाइप बदलला, बॉक्स काढून ठेवला, आणि गाडी पहिल्यासारखी ओढू लागली. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: नवा टॉर्क विकत घेण्याआधी हरवलेला टॉर्क शोधा.

कुठे शोधायचा? आधी एअर फिल्टर काढा आणि फिल्टरनंतरच्या पाइपात, टर्बोच्या बाजूला, बोट फिरवा. बोट लाल झालं तर धूळ फिल्टरला चुकवून आत जातेय. आपल्याकडची जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक असते. सावर्डे, तिस्क, रिवण या खनिजपट्ट्यात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिस बुकातल्या किलोमीटरांची वाट बघत नाही. ती धूळ टर्बोच्या कंप्रेसरची पाती झिजवते, मग पिस्टन रिंगा खाते.

पुढचं काम हवेच्या गळतीचं. टर्बोच्या आधीच्या पाइपाचं तोंड बंद करून रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरनं साधारण १ बार दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले की जागा सापडली. इंटरकूलरचे कोपरेही तपासा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत खारी हवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि इलेक्ट्रिकल कनेक्टर दोन्ही पोखरते. कनेक्टरवरचा हिरवट थर दाबमापक सेन्सरला खोटं बोलायला लावतो, आणि मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच डिझेल कमी करतो.

इनटेक मॅनिफोल्ड उघडला तर बहुतेक वेळा काळ्या चिकट थरानं भोक अर्ध्यावर आलेलं दिसेल. ईजीआरमधून (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येणारी काजळी आणि ब्रीदरमधून येणारं ऑइलचं बाष्प यांचा तो गोळा असतो. तो साफ करा. टर्बोच्या ॲक्च्युएटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी कडक होऊन तुटलीय का, बघा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, पावसाळ्यात तर आवर्जून. चारही इंजेक्टरांची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलांची) रिटर्न लाइनची चाचणी घ्या: एका ठराविक वेळात प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते छोट्या बाटल्यांत जमवून बघायचं. एखादी बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर झिजलाय. शेवटी गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हातानं फिरवा. खाऱ्या हवेनं अडकलेला ब्रेकचा कॅलिपर गाडीला सतत मागे खेचत असतो आणि दोष इंजिनावर येतो.

एवढं झाल्यावर ज्यांनी मला "आता रीमॅपची गरज वाटत नाही" असं सांगितलं, त्यांची संख्या कमी नाही.

मोठे टायर घातले आणि गाडी जड झाली. इंजिनात दोष आहे का?

इंजिनात नाही, गणितात आहे. जुन्या थारचा २३५/७० आर १६ टायर साधारण ७३५ मिलिमीटर उंच. त्याजागी २६५/७५ आर १६ घातला तर उंची ८०४ मिलिमीटर होते, म्हणजे ९ टक्क्यांहून थोडी जास्त. चाकाचा घेर वाढला की त्याच टॉर्कची जमिनीवरची ओढ तेवढ्या प्रमाणात कमी होते. २४७ न्यूटन मीटरचं इंजिन जणू २२६ चं होतं. शिवाय मड टायरचं वजन वेगळंच. त्यात स्पीडोमीटरही कमी वेग दाखवतो.

उपाय दोन. टायर मूळ मापाच्या जवळचा घ्या, किंवा डिफरन्शिअलचं (ॲक्सलवरच्या गिअरांचं) गुणोत्तर बदला. दुसरा उपाय खर्चिक आहे आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलना सारखाच करावा लागतो, नाहीतर फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरांची पेटी) तुटते.

आणि फोर लो (फोर व्हीलची हळू पण जास्त ओढीची रेंज) वापरा! थारच्या ट्रान्सफर केसमध्ये लो रेंजचं गुणोत्तर २.४८ आहे. म्हणजे लिव्हर ओढला की चाकावरचा टॉर्क जवळजवळ अडीच पट. कुठलाही रीमॅप याच्या जवळपास फिरकत नाही. कुळागरातला ओला चढ फोर हायमध्ये क्लच जाळत चढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि नंतर तीच टॉर्क वाढवण्याची चौकशी करतात.

इंजिन ठीक आहे, तरी वाढवायचाच आहे. आत नेमकं काय बदलतं?

डिझेल इंजिनात टॉर्क डिझेलनं वाढतो, पण डिझेल पूर्ण जळायला हवा लागते, आणि जास्त जळालं की उष्णता वाढते. या तीन गोष्टी एका दोरीत बांधलेल्या आहेत. एकट्या डिझेलची दोरी ओढली की बाकी दोन ताणल्या जातात.

१ किलो डिझेल जाळायला कागदोपत्री साधारण १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल आणि हवा सिलिंडरमध्ये नीट मिसळायला फारच थोडा वेळ मिळतो, म्हणून हवा त्याहून बरीच जास्त लागते. १८ च्या खाली गेलं की धूर दिसायला लागतो.

हवा वाढवायची तर टर्बोचा दाब वाढवायचा, पण दाबलेली हवा तापते. मे महिन्यात बाहेर ३२ अंश असताना टर्बोनं १ बार जादा दाब दिला, तर कंप्रेसरमधून बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांवर पोचते. तापलेली हवा विरळ असते. तीच इंटरकूलरमध्ये ६० अंशांपर्यंत उतरवली तर जवळजवळ २० टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. दाब तोच, टर्बोवर जास्तीचा ताण नाही. म्हणून माझ्या मते गोव्यात खर्चाचा पहिला मान चांगल्या इंटरकूलरचा. इथली उष्ण, दमट हवा आणि घाटात १५-२० किलोमीटरच्या वेगानं चढताना समोरून न येणारा वारा, या दोन्हींचा फटका इंटरकूलरलाच बसतो. मोठा बसवताना मात्र रेडिएटर आणि एसी कंडेन्सरचा वारा अडणार नाही हे बघा. लाल चिखलानं भरलेल्या जाळ्या कमी दाबाच्या पाण्यानं आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरचा झोत समोरून मारला की पट्ट्या आडव्या होतात आणि धुण्याचा उपयोग उलटा होतो.

रीमॅप, ट्यूनिंग बॉक्स आणि पेडल बॉक्स यांत फरक काय?

पेडल बॉक्स टॉर्क वाढवतच नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर ३० टक्के दाबला की तो ईसीयूला ५० सांगतो. गाडी चपळ वाटते, पण पाय पूर्ण दाबल्यावर मिळतं तेवढंच.

ट्यूनिंग बॉक्स कॉमन रेलचा (इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाबमापक आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि खरा दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं दाब पुरेसा नाही, म्हणून पंपाकडून वाढवून घेतो. इंजेक्टर तेवढ्याच वेळासाठी उघडतो, पण जास्त दाबामुळे डिझेल जास्त जातं. हवेचा हिशेब ईसीयूकडे जुनाच राहतो. पंप आणि इंजेक्टर यांना ठरवून दिलेल्या दाबापेक्षा जास्त दाबावर काम करावं लागतं आणि ईसीयूला त्याची खबर नसते. माझं मत स्पष्ट आहे: लावू नका.

रीमॅपमध्ये ईसीयूमधले तक्ते बदलतात. त्यात डिझेलचं प्रमाण, रेलचा दाब, इंजेक्शनची वेळ, टर्बोचा दाब, धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा असं बरंच काही असतं. चांगला माणूस आधी तुमच्या गाडीची मूळ फाइल वाचून जपून ठेवतो, रस्त्यावर लॉगिंग करतो (चालत्या गाडीचे आकडे नोंदवतो), मग थोडं बदलून पुन्हा लॉगिंग करतो. वाईट माणूस दुसऱ्याच गाडीची फाइल अर्ध्या तासात चढवून पैसे घेतो. फरक ओळखायला एक प्रश्न पुरे: "माझी मूळ फाइल मला पेन ड्राइव्हवर द्याल का?"

किती वाढवलं तर झेपेल?

सुस्थितीतल्या इंजिनावर, मूळ टर्बो ठेवून, १५ टक्क्यांच्या आसपास थांबणं मला शहाणपणाचं वाटतं. २० च्या पुढे गेलात की क्लच, गिअरबॉक्स, थंडावा सगळ्यांचाच विचार करावा लागतो.

कंपन्या स्वतः काय करतात ते बघा. फॉर्च्युनरचं २.८ लिटर इंजिन २०२१ पासून ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर देतं, मॅन्युअलमध्ये ४२०. स्कॉर्पिओ-एनचं २.२ लिटर ऑटोमॅटिकमध्ये ४००, मॅन्युअलमध्ये ३७०. इंजिन तेच आहे, पण त्याच्यामागे काय जोडलंय त्याप्रमाणे टॉर्क बांधून ठेवलाय. सफारी स्टॉर्मचं २.२ लिटर इंजिन ३२० वरून ४०० वर नेताना टाटांनी सोबत ६ गिअरांचा नवा गिअरबॉक्स दिला. ज्यांच्याकडे चाचणीसाठी शेकडो इंजिनं आहेत ते एवढं जपून पावलं टाकत असतील, तर आपण एकुलत्या एक गाडीवर किती जपायला हवं?

आणि वाढवलेला टॉर्क १२००-१३०० आरपीएमला सगळा एकदम येऊ देऊ नका. तिथे ऑइलचा दाब कमी, पिस्टनवरचा दाब प्रचंड, बेअरिंगं आणि कनेक्टिंग रॉड तिथेच मार खातात. १६०० पासून हळूहळू चढणारा आणि २५०० पर्यंत सपाट राहणारा टॉर्क घाटातही सोयीचा आणि इंजिनालाही सोसणारा.

काळा धूर निघतोय म्हणजे ताकद वाढली, असं मेस्त म्हणतो. खरं का?

नाही. काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं आणि न जळालेलं डिझेल. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, काही टर्बोत आणि ईजीआरमध्ये काजळी होऊन बसतं. गिअर बदलताना क्षणभर किंचित धूसर झालं तर समजू शकतो. चढभर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळा पट्टा सोडत जाणारी गाडी चुकीची ट्यून केलेली आहे. पीयूसीतही ती अडकेल: धुराची मर्यादा बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना २.४५ प्रति मीटर, बीएस ४ गाड्यांना १.६२.

एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर खरंच लागतो का?

टॉर्क वाढवणार असाल तर आधी हा मीटर लावा. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान सांगतो, आणि ते तापायच्या कितीतरी आधी पिस्टनचा माथा धोक्यात आलेला असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. पिस्टनला खालून ऑइलचा फवारा थंड ठेवतो म्हणून तो क्षणभर जास्त गरम वायू सोसतो, पण सतत नाही.

के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. टर्बोनंतर बसवला तर भार असताना आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो आणि मन उगाच निर्धास्त होतं. भोक पाडताना मॅनिफोल्ड काढून पाडा. लोखंडाचा एक कीस टर्बाइनच्या पात्यांत गेला तर टर्बो संपला.

मी माझ्यासाठी घातलेली मर्यादा: सलग चढावर ७०० अंश. त्यापुढे काटा गेला की पाय उचलतो किंवा गिअर खाली टाकतो. गिअर खाली टाकला की आरपीएम वाढतो, हवा जास्त येते आणि तापमान उतरतं. भरलेल्या गाडीनं मोल्याहून अनमोड चढताना चौथ्यात कुंथत राहण्यापेक्षा तिसऱ्यात मोकळं चालवणं इंजिनाला किती सुखाचं असतं, ते हा काटा डोळ्यांसमोर दाखवतो. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं इंजिन आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच जळून कोळसा होतं.

ईजीआर बंद केला किंवा डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) काढला तर टॉर्क वाढेल ना?

ईजीआरबाबत हा गैरसमज घट्ट बसलाय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो तेव्हा ईसीयू ईजीआर व्हॉल्व्ह बंदच ठेवतो, कारण तेव्हा सगळी जागा ताज्या हवेला हवी असते. म्हणजे जिथे तुम्हाला जास्तीत जास्त टॉर्क हवा, तिथे ईजीआर आडवा येतच नाही. व्हॉल्व्ह काजळीनं अर्धवट उघडा अडकला असेल तर मात्र टॉर्क जातो, आणि त्यावर उपाय साफ करणं किंवा बदलणं हाच.

डीपीएफ काढण्याबद्दल मी कोणालाच सल्ला देत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत तो आला तो मुलाबाळांच्या फुप्फुसांत जाणारी बारीक काजळी अडवायला. घरापासून बाजारापर्यंतच गाडी चालवली की तो भरतो, कारण काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास जावा लागतो. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास एका लयीत चालवा. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा पेटला तर काजळी जळण्याची प्रक्रिया पूर्ण होऊ द्या. ऑइलही कमी राखेचं, सी ३ दर्जाचंच वापरा.

क्लच कधी बदलावा लागेल?

अनेकांचा क्लच रीमॅपनंतर महिन्याभरात घसरू लागतो आणि दोष रीमॅपला जातो. क्लच आधीच अर्धा झिजलेला असतो. तपासायचं असं: मोकळ्या सरळ रस्त्यावर, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि गाडीचा वेग मागेच राहिला, तर क्लच सुटतोय. रीमॅपच्या आधी ही चाचणी घ्या.

नवा घालताना थोडा जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि साधी ऑर्गॅनिक प्लेट पुरते. सिरॅमिक बटणांची प्लेट टॉर्क पेलते, पण पकडते एकदम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या गर्दीत ती पाय आणि गिअरबॉक्स दोघांनाही त्रास देते. ड्युअल मास फ्लायव्हील (कंपनं शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील) असेल तर क्लच काढल्यावर त्याची ढिलाई मोजून घ्या, पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी वाचते.

एक्झॉस्ट मोठा करू का? कॉटनचा फिल्टर घालू का?

टर्बोनंतरचा पाइप मोकळा असला तर टर्बो लवकर फिरतो, हे खरं. "डिझेलला मागून दाब लागतो" ही ऐकीव गोष्ट आहे. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर ठेवूनच जे मिळेल ते घ्या. दबलेला, गंजलेला मूळ पाइप बदलला तरी बऱ्याचदा पुरतं.

ऑइल लावलेला कॉटनचा फिल्टर आपल्या धुळीत नकोच. तो हवा जास्त सोडतो आणि धूळही. त्याचं ऑइल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं ते वेगळंच. चांगला कागदी फिल्टर, वेळेवर.

स्नॉर्कलनं (छताच्या उंचीवरून हवा घेणाऱ्या पाइपानं) टॉर्क वाढतो का?

नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्या ओढ्यातून जाताना पाहून अनेकांना स्नॉर्कल हवा असतो. त्याचं काम इंजिनाला पाण्यापासून वाचवणं एवढंच. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर जरी गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल बसवलात तर त्याचा प्रत्येक जोड हवाबंद आहे का बघा, नाहीतर पाणी खालच्या फटीतून आत जाईल. डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्याही वर न्या. ओढ्यातून बाहेर आल्यावर डिफरन्शिअलचं ऑइल दुधाळ झालंय का ते तपासायला विसरू नका.

माझ्याकडे जुनी मेकॅनिकल पंपाची जीप आहे. तिचं काय?

तिथे कॉम्प्युटर नाही, स्क्रू आहे, आणि तोच घातक. पंपाचा डिझेलचा स्क्रू पाव फेरा फिरवला की ओढ वाढल्याचं लगेच जाणवतं, म्हणून हात थांबत नाही. पंप कॅलिब्रेशनच्या बेंचवर चारही सिलिंडरांना सारखं डिझेल जातंय का ते मोजून घ्या, टायमिंग बघा, नोझलचा दाब बघा. टर्बो असलेल्या पंपावर टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवणारा डायफ्राम असतो. तो फाटला की टर्बो असूनही गाडी बिनटर्बोची वाटते. बिनटर्बोच्या इंजिनावर बाहेरून टर्बो बसवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ऑइलच्या फवाऱ्याशिवाय त्या पिस्टनांना तो दाब आणि ती उष्णता सोसत नाही. गॅस्केट आधी उडतं, मग हेड.

हे सगळं कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकानं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

टॉर्कचा आकडा आरसीवर नसतो म्हणून रीमॅपला काही आडकाठी नाही, असं धरून चालू नका. गाडीला मिळालेली मान्यता तिच्या प्रदूषण चाचणीसकट असते. वॉरंटी जाते. विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो, आणि तेव्हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नसतो, समोरच्या जखमी माणसाचाही असतो. म्हणूनही मी दुरुस्ती, साफसफाई, टायर आणि गिअरिंग यांवर इतका भर देतो. मूळ मापाच्या टायरवर, मूळ ताकदीला आणलेलं इंजिन कुठल्याही नाक्यावर ताठ मानेनं उभं राहतं.

वाढलेला टॉर्क किनाऱ्यावर वाळूत वापरून बघू का?

गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. कासवं अंडी घालतात त्या मोरजी, आगोंद, गालजीबागसारख्या वाळूवर तर विचारही मनात आणू नका. अभयारण्यातल्या जंगलवाटाही वनखात्याच्या परवानगीशिवाय नाहीत. ओळखीच्या काजूबागेत मालकाला विचारून चढ-उतार करा, तिथे शिकायला भरपूर मिळतं.

पैसे मोजकेच आहेत. कुठून सुरुवात करू?

फिल्टर आणि गळतीची तपासणी. मग मॅनिफोल्ड आणि ईजीआरची सफाई, इंजेक्टरांची चाचणी. मग टायरचं माप. मग तापमानाचा आणि टर्बोच्या दाबाचा मीटर. मग रेडिएटर-इंटरकूलर. क्लच शेवटी, पण रीमॅपच्या आधी. या वाटेवर कुठेतरी तुम्हाला हवी ती ओढ मिळाली तर तिथेच थांबा, उरलेले पैसे पावसाळ्याआधी चांगल्या वायपर आणि ब्रेक पॅडवर घाला.

काम झाल्यावर पहिले काही आठवडे काय बघू?

रोज सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, त्यात डिझेल उतरतंय. कूलंटच्या बाटलीला बोट लावून बघा, ती सकाळीही दाबानं टणक असेल तर हेड गॅस्केटकडे लक्ष द्या. पाइपांच्या क्लिपा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा आवळा, रबर बसतं आणि त्या सैल होतात. ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला. आणि एक ठरलेला चढ निवडा, तेवढंच सामान, तोच गिअर, शक्यतो तीच सकाळची वेळ. केरीहून चोर्ल्याकडे जाताना पहिल्या मोठ्या वळणानंतरचा चढ मी त्यासाठी धरलाय. तिथे तापमान, दाब आणि आरपीएम वहीत लिहून ठेवतो. मागच्या जूनमध्ये दाब नेहमीपेक्षा जरासा कमी दिसला, गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हतं. घरी येऊन साबणाचं पाणी मारलं, तर इंटरकूलरच्या खालच्या क्लिपेपाशी बुडबुडे येत होते.